सत्तावीस की चार

गुरुवार, दुपार

प्रिय धाकटे,

दुकानाच्या मागच्या खोलीत, सलाईनच्या खोक्यांवर वही ठेवून लिहितेय. दोन ते चार आमचं औषधांचं दुकान बंद असतं. एरवी मी या वेळात डबा खाऊन पंधरा मिनिटं डोळे मिटते, आज डबा तसाच आहे. तू म्हणशील, हातात फोन असताना ताईला पत्र कुठून सुचलं? तर बाई, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणजे बोलू देतेस, पण मी जरा कुठे मुद्द्याला हात घातला की तिकडे पुलाच्या कामावर तुला कुणीतरी हाक मारतं. तुझ्या पुलांना नेमके माझ्या फोनच्या वेळी बरे तडे जातात! पत्र वाचताना तरी तुला ‘ठेवते गं’ म्हणता येणार नाही. शिवाय माझ्या डोक्याचा इतका गुंता झालाय की तोंडाने बोलायला गेले तर रडेन किंवा भांडेन, आणि दोन्हीपैकी काय करायचंय ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही. याआधी तीन पानं फाडली. हे चौथं.

आधी आमच्या भिंगरीची खबर देते. उंची माझ्या खांद्याला लागली आहे, समोरच्या दाताची तिरकी वाढ तशीच आहे, आणि हट्ट तर विचारू नकोस. जुजुत्सूचा क्लास आठवड्यातून तीन दिवस चालू आहे. पाच वर्षांची असताना घातलं तेव्हा मला वाटलं होतं हवेत लाथा मारतील, ओरडतील, फळ्या फोडतील. तसलं काहीच नाही. ही पोरं नुसती गादीवर एकमेकांना धरून लोळतात. चार वर्षं मी भिंतीलगतच्या बाकावर बसून बघतेय, अजून मला कळत नाही कोण जिंकतंय. जी खाली दबलेली दिसते तिची मला कीव येते, आणि शेजारच्या पालक सांगतात की अहो, तीच तर वरचढ आहे, तिने पायांनी कसं धरून ठेवलंय बघा. मी मान डोलावते. मग दोघीही उठतात, कपडे झटकतात, आणि मी चुकीच्या मुलीसाठी टाळ्या वाजवलेल्या असतात.

पट्ट्यांचं मात्र मला पाठ आहे. मुलांसाठी आधी पांढरा, मग राखाडी, पिवळा, नारिंगी, हिरवा. पट्ट्याच्या काळ्या टोकावर प्रगतीप्रमाणे चिकटपट्टीचे तुकडे लावतात, चार तुकडे झाले की पुढचं बघायचं. आणि प्रत्येक रंगाला वयाची अट. पिवळा सातव्या वर्षापासून, नारिंगी दहाव्या. त्याचा मोठा तक्ताच क्लासच्या भिंतीवर लावलेला आहे. भिंगरीच्या पिवळ्यावर चार तुकडे होऊन आठ महिने झाले. तिच्याबरोबर सुरुवात केलेली मुलगी, ती नेहमी शिंकणारी, तुला आठवत असेल, ती यंदाच्या परीक्षेत नारिंगी होणार हे मार्चपासून ठरलेलं आहे. आमची नाही. का, तर वय. इथे वय वाढदिवसाने मोजत नाहीत, वर्षाने मोजतात. चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करायचं, उरेल ते वय, मग तुम्ही जानेवारीत जन्मा नाहीतर डिसेंबरात. आमच्या घरच्या तारखेप्रमाणे भिंगरी चार जानेवारीची. म्हणजे या हिशेबाने ती यंदा वर्षभर नऊचीच, आणि पुढची परीक्षा थेट जूनमध्ये.

आता गंमत ऐक. म्हणजे गंमत म्हणायची झाली तर. ऑक्टोबरात कोचने सगळ्या मुलांचे जन्मदाखले मागितले. यंदापासून पट्ट्यांची नोंद संघटनेकडे करायची आहे म्हणे. मी दाखल्याची प्रत दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बाजूला बोलावलं. हा माणूस म्हणजे भिंतीएवढा, दोन्ही कान चुरगळून गेलेले, पण बोलतो इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. म्हणाले, दाखल्यावर सत्तावीस डिसेंबर आहे आणि चार वर्षांपूर्वी तुम्ही भरलेल्या फॉर्मवर चार जानेवारी, यातलं खरं कुठलं? मी ठसक्यात सांगितलं की खरी चार, दाखल्यावर कारकुनाने घोळ घातलाय. शाळेत दाखल्याप्रमाणे लिहावं लागलं, तुमच्याकडे मी खरी लिहिली. ते म्हणाले, लेखी काहीतरी आणा, कारण दाखला खरा असेल तर ती जानेवारीपासूनच दहाची धरायला हवी होती, आणि मग नारिंगी पट्टा तिचाच आहे, आपण तिला वर्षभर उगाच अडवलं. मी दिवसभरात शंभर तारखा तपासते गं. गोळ्यांच्या पाकिटावरचा महिना डोळे मिटून बोटांनी सांगेन. आणि घरातल्या एकुलत्या एका तारखेवर मी फुली मारून मोकळी झाले होते, कारण तू फोनवर म्हणाली होतीस, कारकुनाची चूक असेल, राहू दे ताई.

कोणतीही शहाणी आई काय म्हणाली असती? दाखला धरा आणि पोरीला पट्टा द्या. मी मात्र दाखला खोटा ठरवायला कंबर कसली. असं का केलं, हे तुला सांगितलं नाही तर या पत्राला अर्थ नाही. भिंगरी सहा वर्षांची झाली तेव्हा आम्ही दोघांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं की ती माझ्या पोटातून आलेली नाही. ते तुला कळवलं होतंच. पण पुढचं कळवलं नव्हतं. तिने लगेच विचारलं, मग कुणाच्या पोटातून? तुझं नाव सांगणार नाही, असा तुला शब्द दिलेला. मी म्हटलं, मोठी झालीस की सांगू. तिने विचारलं, मोठी म्हणजे केवढी? तेव्हा तुझ्या भावोजींनी तोंड उघडलं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्यांना काहीबाही बोलून शांत ठेवायची त्यांना सवय. म्हणाले, नारिंगी पट्टा मिळाला की सांगू! तेव्हा ती राखाडी होती. त्यांना वाटलं, नारिंगी म्हणजे अजून केवढा काळ, तोवर विसरेल. ती कसली विसरतेय! ती मंडळी लढत सुरू करताना हातावर हात मारतात आणि मुठीला मूठ लावतात. तसं तिने त्यांच्याशी केलं, मग माझ्याशीही केलं, आणि उड्या मारत खेळायला गेली. त्यानंतर एकदाही विचारलेलं नाही. फक्त दर परीक्षेनंतर घरी आल्यावर त्या तक्त्यातले किती रंग उरले ते मोजते, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आता कळलं ना, मला जून का हवा होता? तुझा शब्द मोडायचा नाही, पोरीशीही खोटं बोलायचं नाही, तेव्हा सहा महिने तरी मिळू देत, एवढाच माझा डाव. क्लासमध्ये अलिखित नियम आहे की पट्टा मागायचा नसतो, मागणाऱ्याला उशिरा मिळतो. मी तर उलटच, पट्टा नको म्हणून धडपडणारी. दत्तकाचे कागद जोडले आणि तुझ्या तिथल्या इस्पितळाच्या नोंद विभागाला अर्ज पाठवला की तारीख दुरुस्त करून द्या. स्वतःला बजावत होते की मी सत्यासाठी झगडतेय. धाकटे, मला अजूनही नक्की सांगता येत नाही की चार वर्षांपूर्वी तो फॉर्म भरताना मी भोळेपणाने चार जानेवारी लिहिली, की तेव्हाच माझ्यातल्या कुणीतरी तो तक्ता वाचून ठेवला होता. तेव्हा तर पट्ट्याचा वायदा झालाही नव्हता. पण वायद्याआधीसुद्धा मला तिने लहानच राहायला हवं होतं. असं असेल का? मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. दोन ओळींचं. जन्म सत्तावीस डिसेंबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. आई आणि बाळ दोघांना घरी सोडलं, चार जानेवारी, दुपारी. चूक नाही, खाडाखोड नाही. मी स्वयंपाकघरात उभी होते, ओट्याला धरून. आधी मला वाटलं हे दुसऱ्या कुणाचं आहे. मग वाटलं आठ दिवसांचा हिशेब मीच चुकतेय, म्हणून बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. आठच.

मी डिसेंबरच्या मध्यापासून बॅग भरून बसले होते, आठवतं? तूच सांगितलं होतंस, मी बोलावल्याशिवाय यायचं नाही, त्या वेळी मला आसपास कुणी नको. चार जानेवारीला दुपारी तुझा फोन आला, आज सकाळी झाली, ये आणि घेऊन जा. मी मिळेल त्या गाडीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या खोलीवर पोचले. तू खिडकीशी पाठ करून उभी होतीस. बाळ टोपलीत. तू वळली नाहीस. एवढंच म्हणालीस, तिचे कपडे पिशवीत आहेत. मला केवढा राग आला होता तुझा, आणि खरं सांगू, त्याहून जास्त हायसं वाटलं होतं. म्हटलं, ही गुंतलेलीच नाही. तेवीस वर्षांची पोर, अभ्यास उरलाय, तो माणूस निघून गेलेला, हिला हे नकोच आहे. मग मी काही हिसकावून नेत नाहीये. नऊ वर्षं मी त्या तुझ्या पाठीवर निश्चिंत जगले गं. कधी भिंगरीने झोपेत माझ्या गळ्यात हात टाकला आणि मनात चुकचुकलं, की मी ती पाठ आठवायचे आणि कूस बदलायचे.

आता एकेक गोष्ट उठून मला जाब विचारतेय. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी तिची नाळ गळून पडली. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले की आमची कन्या किती भरभर बरी होते. औषधशास्त्राची पदवी घेतलेली बाई मी! नाळ पडायला आठवडा जातो, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या आईला सांगत असते. आणि बाटली. दोन दिवस तिने बाटली तोंडात धरली नाही. मी निपल बदललं, दूध बदललं, तीन प्रकारच्या बाटल्या आणल्या. ती माझ्या छातीकडे तोंड वळवायची, कपडा चोखायची आणि रडायची. मला वाटायचं, सगळीच बाळं असं करतात. तू तिला आठ दिवस पाजलंस ना? आठ दिवस अंगाशी घेऊन निजलीस. आणि मग आजच झाली म्हणून मला फोन केलास, का तर मला कळू नये. मला त्रास होऊ नये म्हणून, की तुला कुणी त्याबद्दल कधी विचारू नये म्हणून? की मी उचलताना कचरेन आणि मग तुझाही धीर सुटेल म्हणून? मी आठवडाभर याची उत्तरं बदलतेय.

आणि दर सत्तावीस डिसेंबरला येणारा तुझा फोन! सहज केला, म्हणायचीस. वर्ष संपत आलं, म्हटलं बोलावं. मग भिंगरीला दे म्हणायचीस आणि ती बडबडायची, तू नुसती ऐकायचीस. मी तर तुझ्या भावोजींना म्हणायचे, हिला चारची तारीख कधी लक्षात राहत नाही, चारला नुसता निरोप टाकते. काय काय बोलले असेन मी तुझ्याबद्दल. मला तुझा राग आलाय, धाकटे. तू मला नऊ वर्षं चुकीच्या दिवशी केक कापायला लावलास. आणि तुझी माया येतेय इतकी की ते उत्तर वाचल्यापासून मी चहात दोनदा मीठ टाकलं. मधेच मला भीती वाटते. मधेच वाटतं, सत्तावीस असो की चार, पोर माझीच आहे, जग गेलं खड्ड्यात. दहा मिनिटांनी यातलं काहीच खरं वाटत नाही.

त्या दिवशी मी ओट्याशी तशी उभी असतानाच भिंगरी क्लासहून आली. मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं. तिने विचारलं, दोन्ही डोळ्यांत एकदमच? मी कागद पोळपाटाखाली सरकवला. तिने बघितलं की नाही, मला कळलं नाही. हात धुतले, जेवली, गृहपाठ केला. मग या मंगळवारी कोचचा फोन आला. तोच हळू आवाज. म्हणाले, पंधरा वर्षांत पट्टा द्या म्हणणारे शेकड्याने पालक भेटले, पट्टा नको म्हणणारं घर पहिल्यांदाच बघतोय, आणि त्याही एकाच घरातल्या दोघी, आई आणि मुलगी. क्लास संपल्यावर ती एकटी त्यांच्याकडे गेली होती. सांगून आली, आईची तारीख बरोबर आहे, दाखल्यातली चुकली आहे, मला जूनमध्ये बसवा. त्यांनी विचारलं, तुला खरंच थांबायचंय का? तर म्हणाली, मला नाही, पण आईची अजून तयारी झालेली नाही.

हे वाक्य त्यांचंच आहे. ज्या मुलाला परीक्षेला बसवायचं नसतं, त्याला ते खांद्यावर हात ठेवून हेच सांगतात, अजून तयारी झालेली नाही, पुढच्या वेळी. माझ्या नऊ वर्षांच्या, दहा वर्षांच्या, किती का वर्षांच्या असेना, पोरीने मला ते लावलं. आठ महिने ज्या पट्ट्याकडे टक लावून बसली होती, तो माझ्यासाठी सोडायला निघाली, आणि त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा कोचशी खोटं बोलली. मी फोन ठेवला आणि दुकानात दोन गिऱ्हाइकांना एकमेकांची औषधं देता देता वाचले. काल क्लासमध्ये गेले आणि इस्पितळाचा कागद कोचच्या हातात ठेवला. म्हटलं, दाखला खरा आहे, चूक माझी. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि यादीत तिचं नाव घातलं. या रविवारी नाही, पुढच्या, सकाळी दहाला परीक्षा. घरी येताना भिंगरी माझ्या बाजूने चालत होती. मग म्हणाली, तू घाई नको करूस, मी पट्टा घेऊन मग वाटलं तर विचारेन. मी हो म्हटलं. पण ती विचारो न विचारो, मला आता तिच्या पाठीमागे लपायचं नाही.

म्हणून हे पत्र. तुला दिलेला शब्द मी पुढच्या रविवारी मोडणार आहे. परवानगी मागत नाहीये, आधी कळवतेय, कारण तुला हे तिच्या तोंडून अचानक कळावं असं मला वाटत नाही. काय सांगायचं तेही ठरवलंय. तुझी आई तुला टोपलीत ठेवून गेली असं नाही, आठ दिवस तिने तुला कुशीत ठेवलं होतं, आणि ती तुझी मावशी आहे. इथवर मला जमेल. पण त्यापुढे ती काय विचारेल ते मला आत्ताच ऐकू येतंय, कारण तिला मी ओळखते. ती विचारेल, मला तेव्हा काय म्हणायची ती? तिचं नाव आम्ही घरी आणल्यावर ठेवलं, भिंगरी तर तिला रांगता यायला लागल्यावर झाली. आठ दिवस मांडीवर घेतलेल्या बाळाला तू काहीतरी हाक मारलीच असशील. मनातल्या मनात का होईना. ते मला माहीत नाही, आणि तिचं असून माझ्याकडे नाही असं तेवढंच आहे. एका कागदावर तो एकच शब्द लिहून पाठव. लिहायला जमत नसेल, तर पुढच्या रविवारी ये, आणि गादीच्या कडेला उभी राहून तिला त्या नावाने एकदा हाक मार. ती वळून बघेल का, मला माहीत नाही. बघितलं तर मला काय होईल, तेही माहीत नाही. तरी ये.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच,
ताई